घरचा काटा

अंगावर काटा येणं ही एके काळी ज्याची त्याची खाजगी बाब होती. आला तर आला, नाही तर नाही. कुणी विचारायला येत नसे. आता त्याचा आलेख निघतो, आणि तो शनिवारी संध्याकाळी आठ वाजता सबंध महाराष्ट्राला दाखवतात. माझाही दाखवला. म्हणून हे लिहायला बसलोय.

मी दिवाकर पाचपोर. अकोल्याला जठारपेठेत माझा गायनाचा क्लास आहे, त्याला सव्वीस वर्षं झाली. क्लास म्हणजे आमच्या घराची पुढची खोली, दोन पेट्या, एक तबलाजोडी आणि भिंतीवर गुरुजींचा फोटो. गुरुजींनी मला अकरा वर्षं शिकवलं आणि त्या अकरा वर्षांत एकदाही 'वा' म्हटलं नाही. आमच्यात पद्धतच होती तशी. शिष्याला तोंडावर वाखाणलं की त्याची वाढ तिथेच खुंटते, अशी पक्की समजूत. फार खूश झाले तर गुरुजी 'हं, पुढे' म्हणायचे. तेवढ्या 'हं'वर मी दोन दिवस हवेत असायचो. हीच पद्धत मी पुढे चालवली, आणि सगळ्यांत कडक चालवली ती माझ्या पोरीवर.

सोहनी आमची एकुलती एक. नाव मीच ठेवलं, रागाचं. घरात ती मला बाबा म्हणायची आणि क्लासच्या खोलीत आली की सर. सहा वर्षांची असल्यापासून हा नेम तिने स्वतःच लावून घेतला होता. गाऊन झालं की ती माझ्या तोंडाकडे बघायची. मी म्हणायचो, "निषाद जरा चढा लागला." तो चढा लागलेलाच असायचा, मी खोटं कधी बोललो नाही. ती मान हलवायची आणि पुन्हा सुरू करायची.

माझी बायको प्रणिता शाळेत गणित शिकवते. ती म्हणायची, "एखाद्या दिवशी पोरीले चांगलं म्हटलं तर जीभ झडन का हो तुमची?"

"तुला त्यातलं कळत नाही," मी म्हणायचो. बायकोला हे वाक्य ऐकवणारे पुरुष पुढे जे भोगतात ते मीही भोगलं, पण या बाबतीत माघार घेतली नाही.

सोहनी एकविसाव्या वर्षात होती तेव्हा कडं आलं.

त्याआधी टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धांत लोक मोबाइलवरून मतं द्यायचे. मतं गाण्याला नसत. तालुक्याला असत, जातीला असत, ज्याच्या आमदाराने चौकाचौकात फ्लेक्स लावले त्याला असत. आमच्या ओळखीचा एक मुलगा, अगदी बेसूर नव्हे पण सुराच्या शेजारच्या गल्लीत राहणारा, उपांत्य फेरीपर्यंत गेला, कारण त्याच्या मामाची सहा कॉलेजं होती आणि सहाही कॉलेजांना त्या दिवशी एकच गृहपाठ होता. मी अशा स्पर्धांना यथेच्छ शिव्या द्यायचो. मग 'कंठमणी' नावाचा कार्यक्रम सुरू झाला आणि त्यांनी जाहीर केलं, आम्हाला मत नको, काटा हवा.

त्यामागचं शास्त्र साधं आहे. आपल्या प्रत्येक केसाच्या मुळाशी एक बारीक स्नायू असतो. मांजर घाबरलं की फुगतं ते याच स्नायूच्या जोरावर. माणसाच्या अंगावर फुगण्याजोगे केस राहिले नाहीत, पण स्नायू तसाच राहिला. तो आपल्या हुकमात नाही. आपण हात उचलू शकतो, डोळा मिटू शकतो, खोटं हसू शकतो. पण मनात आणून अंगावर काटा उभा करू शकत नाही. ऐकणाऱ्यांनी घरोघरी मनगटावर घालायच्या त्या कड्यात आतल्या बाजूने एक मिणमिणता दिवा तिरका उजेड टाकतो आणि मोहरीएवढा कॅमेरा कातडीकडे बघत असतो. केस उभा राहिला की सावली बदलते. कडं ती सावली मोजतं, जोडीला नाडी आणि घाम बघतं, आणि आकडा मुंबईला पाठवून देतं. गाणं चालू असताना हजार माणसांमागे जितक्या जणांना काटा आला, तितके काटे त्या गायकाचे. फ्लेक्स लावून सावली बदलत नाही.

मला हे मनापासून आवडलं, हे कबूल केलं पाहिजे. पहिल्या पर्वात अशी माणसं वर आली ज्यांना ना मामा होते ना आमदार. आमच्या शेजारचे बोचरे काका आयुष्यभर सांगत आले होते की त्यांना शास्त्रीय संगीताशिवाय काही ऐकवत नाही. त्यांच्या कड्याने दाखवलं की नाट्यगीताला त्यांच्या अंगावरची माशी हलत नाही आणि लावणीला काटा आल्याशिवाय राहत नाही. "म्या काही केलं नाही बाप्पा, ते आपोआप येते," काका सांगत फिरले, आणि काकू महिनाभर गालात हसत होत्या. अकोल्याच्या मे महिन्यात, पंखा गरम हवा फेकत असताना कुणाच्या अंगावर काटा आला तर तो गाण्याचाच, दुसरा कशाचा असणार!

दुसऱ्या पर्वात सोहनीची निवड झाली. प्रत्येक स्पर्धकाच्या घरी दोन खास कडी देत, घरच्यांसाठी. निघायच्या दिवशी सोहनीने एक आईच्या हातात दिलं आणि दुसरं स्वतः माझ्या डाव्या मनगटावर चढवलं. पट्टा आवळताना ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, आता तुम्हाला काही बोलावं लागणार नाही. हे बोलेल."

तेव्हा मला कळलं की पोर पंधरा वर्षं कशाची वाट बघत होती. कळूनही मी म्हणालो, "गाडी चुकेल, चल."

पहिले पाच-सहा आठवडे काय सांगू! शनिवारी आमच्या पुढच्या खोलीत चपला ठेवायला जागा नसायची. सोहनी गायला लागली की बायका एकमेकींच्या हाताकडे बघायच्या आणि "आला, आला" म्हणून ओरडायच्या. दोनशे काटे, दोनशे तीस, दोनशे साठ. प्रणिताचा भाऊ आमच्याशी चार वर्षं बोलत नव्हता, तो पेढे घेऊन आला. क्लासला नवीन मुलांची रांग लागली. सोहनीला अशी माणसं ऐकत होती ज्यांनी मला आयुष्यात ऐकलं नसतं, आणि ती खरंच चांगली गात होती. मी कोपऱ्यात बसून ऐकायचो. कुठे श्वास तुटला, कुठे मींड घाईची झाली, बोटांवर मोजत असायचो. माझ्या कड्याकडे मी बघितलंच नाही.

मग गाणी बिघडायला लागली. चॅनलवाल्यांकडे आता लाखो माणसांच्या कातडीची नोंद होती. कुठल्या क्षणी काटा येतो हे त्यांना सेकंदावर माहीत झालं. सगळा वाद्यवृंद एकदम थांबायचा, दोन सेकंद शांतता, मग गायकाने वरच्या पट्टीत झेप घ्यायची आणि मागून चाळीस जणांचा कोरस उसळायचा. हमखास काटा. सातव्या आठवड्यात बाराच्या बारा गाणी या एका साच्यातून निघाली. भूपाळीत झेप, अंगाईत झेप. अंगाईत झेप घेतल्यावर बाळ झोपणार कसं, हे कुणी विचारलं नाही.

आणि झालं ते व्हायचंच होतं. काटे उतरायला लागले. लोकांना झेप आधीच कळायची. दोनशेचे दीडशे झाले, दीडशेचे नव्वद. गाण्यातून काटा निघेना, तेव्हा चॅनलने तो माणसांतून काढायचं ठरवलं.

अकराव्या आठवड्यानंतर तेजल आमच्या घरी आली. ती कार्यक्रमाची क्रिएटिव्ह हेड, तिशीची, वागायला गोड. सोबत कॅमेरावाले दोघे आणि एक तंत्रज्ञ.

"काका, तुमचं कडं बिघडलंय का, एवढंच बघायला आलोय," ती म्हणाली.

तंत्रज्ञाने प्रणिताकडून फ्रिजमधला बर्फाचा खडा मागून घेतला आणि माझ्या कोपरावर टेकवला. हातावरचे केस सरसरून उभे राहिले. त्याच्या हातातल्या पडद्यावर रेघ उंच उडाली. "ओके आहे, मॅडम," तो म्हणाला.

तेजलने पडदा माझ्यासमोर धरला. "अकरा आठवडे, काका. काकूंना सोहनीच्या प्रत्येक गाण्याला काटा आलाय. शेजारच्या आजोबांना आलाय. तुम्हाला एकदाही नाही. शून्य. पूर्ण सपाट."

तिने पडद्यावर बोट सरकवलं.

"म्हणजे एकदा आलाय. वनिता कुमरेच्या गाण्याला. बावीस सेकंद."

वनिता कुमरे ही गडचिरोलीकडची, एसटीत कंडक्टर. कुणाकडे शिकलेली नाही. तिने भाताच्या रोवणीचं गाणं म्हटलं होतं, आणि एका ओळीच्या शेवटी सूर असा काही वळवला होता की असं वळता येतं हे मला माहीतच नव्हतं. मला तो काटा आठवत होता. मी तेव्हा पाणी प्यायला उठलो होतो आणि पेला हातातच राहिला होता.

"का असं होत असेल, काका?" तेजलने विचारलं, आणि मला दिसलं की कॅमेऱ्यावरचा लाल दिवा मघापासून चालू आहे.

उत्तर चॅनलच्या डॉक्टरीणबाईंनी दिलं, नीलिमा सोमण यांनी, व्हिडिओ कॉलवरून. त्या मला शहाण्या बाई वाटल्या. म्हणाल्या, "गाणं ऐकताना आपला मेंदू कायम पुढे धावत असतो. पुढचा सूर कोणता येणार याचा अंदाज बांधतो. अंदाज बरोबर निघाला की तो शांत बसतो. अंदाज चुकला, आणि चुकून काहीतरी जास्त सुंदर हाती आलं, तर काटा येतो. पाचपोर सर, तिचा प्रत्येक सूर तुम्हीच तिच्या गळ्यात ठेवलाय. तुमचा अंदाज चुकणार कसा? यात प्रेमाचा काही संबंध नाही."

माझ्या डोक्यावरचं मणभर ओझं उतरलं. मी तेजलला म्हणालो, "हे एवढं सोहनीला ऐकवाल?"

"नक्की, काका," ती म्हणाली.

शनिवारी त्यांनी काय दाखवलं ते अनेकांना आठवत असेल. माझा चेहरा. सपाट रेघ. 'अकरा आठवडे' अशी मोठी अक्षरं. मग वनिताचं गाणं आणि माझी उडालेली रेघ. डॉक्टरीणबाई कुठेच नव्हत्या. हे सगळं सोहनीला पहिल्यांदा दाखवलं ते मंचावर, गाण्याच्या अर्धा मिनिट आधी. ती पडद्याकडे बघत राहिली. मग तिने माइक तोंडाजवळ नेला आणि गायली. तिच्या आवाजात जे काही फाटलं होतं ते घरोघरी ऐकू गेलं. चारशे बारा काटे. पर्वातला उच्चांक.

माझ्या कड्यावर शून्य. मी गाणं कमी ऐकत होतो, तिच्या चेहऱ्याकडेच जास्त बघत होतो.

रविवारी स्पर्धकांना घरी दहा मिनिटं फोन करू देत. प्रणिताने फोन उचलला, बोलली, डोळे पुसले आणि माझ्या हातात दिला.

"बाबा," सोहनी म्हणाली, "मी कॅमेऱ्यात बघून गाते ना दर वेळी, ते तुमच्याकडे बघून गाते."

मी तिला डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगितलं. अंदाज, मेंदू, सगळं. घाईघाईने सांगितलं, पण बरोबर सांगितलं.

ती म्हणाली, "म्हणजे इतक्या वर्षांत मी तुम्हाला एकदाही चकित केलं नाही. वनिताताईने पाच मिनिटांत केलं."

आता बोल, दिवाकर, असं मी स्वतःला सांगत होतो. समोर प्रणिता हातवारे करून सांगत होती, बोला, काहीतरी चांगलं बोला. मला म्हणायचं होतं की तू माझ्यापेक्षा कितीतरी चांगली गातेस आणि हे मला तू चौदा वर्षांची होतीस तेव्हापासून माहीत आहे. तोंडून निघालं ते असं: "काल दुसऱ्या ओळीत श्वास चुकीच्या जागी घेतलास, बेटा."

"हो, सर," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

प्रणिता माझ्याकडे बघत राहिली. "काऊन हो, असे कसे तुम्ही?" एवढंच म्हणाली. ती माझ्यावर ओरडली असती तर मला सोसलं असतं.

अंतिम फेरीत दोघीच उरल्या, सोहनी आणि वनिता. चॅनलने नवीन नियम काढला: 'घरचा काटा'. स्पर्धकाच्या घरचं एक माणूस मंचासमोर बसवायचं, आणि गाणं चालू असताना त्याला काटा आला तर शंभर काटे जादा. सोहनीने आईचं नाव दिलं होतं. करारात बारीक अक्षरांत लिहिलं होतं की माणूस चॅनल निवडेल. त्यांनी मला निवडलं, आणि आठवडाभर जाहिरात केली: बाबा विरघळतील का?

"तुम्ही नका जाऊ," प्रणिता म्हणाली. "आजारी पडले म्हणून सांगून देऊ. तमाशा करून राहिले ते तुमचा अन् तिचा."

मी गेलो. ती ट्रॉफी मला नको होती, सोहनीलाही फारशी नको असावी. मला एवढंच हवं होतं की तिने एकदा मान वर करावी आणि पडद्यावर माझ्या नावापुढची रेघ वर गेलेली बघावी. बाकी मग काहीही होवो. ज्या गोष्टीसाठी माझं तोंड उघडत नव्हतं ती गोष्ट कड्याने तिला सांगावी, आणि कडं खरं बोलणार नसेल तर त्याला खोटं बोलायला लावावं, असं मी गाडीत बसल्या बसल्या ठरवून टाकलं. आयुष्यात सुराच्या बाबतीत एक पैचं खोटं न बोललेल्या माणसाने हे ठरवलं. आमच्या घरी येऊन त्या तंत्रज्ञाने युक्ती दाखवलीच होती.

स्टुडिओच्या कँटीनमध्ये सरबताचं पिंप होतं. मी तिथून मूठभर बर्फ घेतला, मोठ्या रुमालात गुंडाळला आणि कोटाच्या आत डाव्या काखेत दाबून धरला. मग जाऊन खुर्चीत बसलो. वय वर्षं त्रेपन्न.

सोहनीने मारव्यातलं गाणं निवडलं होतं, स्पर्धेसाठी नव्याने लिहिलेलं. मारवा मी तिला चार वर्षं शिकवला आहे. सात सुरांत पंचम हा टेकायचा सूर; दमलेला माणूस ओट्यावर बसतो तसा गाणारा पंचमावर बसतो. मारव्यात तो पंचमच नसतो. म्हणून मारवा ऐकताना जिवाला चैन पडत नाही, कुठे बसायला जागा मिळत नाही. पंचम लागला की मारवा संपला. पंधराव्या वर्षी सोहनीकडून एकदा चुकून लागला होता, तेव्हा मी दोन दिवस पेटीला हात लावला नव्हता.

पहिलं कडवं ती माझ्याकडे न बघता गायली. नेटकं, स्वच्छ, मी शिकवलेलं जसंच्या तसं. काखेतला बर्फ कातडीला चावत होता. मला हातावर केस उभे राहिलेले जाणवले आणि तिच्यासमोरच्या पडद्यावर माझ्या नावाची रेघ चढायला लागली. लोकांत कुजबुज झाली. ती ऐकून सोहनीने मान वर केली.

तिने रेघ पाहिली. मग मला पाहिलं. पोरीचा चेहरा असा उजळला की मी खाली बघितलं. मला वाटलं, ती आता रडेल आणि गाणं तिथेच मोडेल. ती रडली नाही. डोळे मिटून हसली आणि दुसऱ्या कडव्यात शिरली, आणि तिथे ती माझी विद्यार्थिनी राहिलीच नाही. ती सावकाश, कुणाची भीती नसलेल्या माणसासारखी गायला लागली. धैवतावरून खाली येता येता, जिथे आजवर हजार वेळा वळसा घालून गेली होती, तिथे तिने पंचम लावला.

काय सांगू तुम्हाला! चार वर्षं मी जो दरवाजा बंद ठेवायला सांगितला होता तो तिने उघडला, आणि आत घर होतं. माझ्या मानेपासून पोटऱ्यांपर्यंत काटा सरसरत गेला. उजव्या हातावर आला, जिथे बर्फ नव्हता आणि कडंही नव्हतं. माझ्या तोंडून "वा" निघून गेलं, मोठ्याने, पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या आणि ते मला एकट्यालाच ऐकू आलं.

टाळ्या थांबल्या तेव्हा सूत्रसंचालक कानातलं यंत्र बोटाने दाबून काहीतरी ऐकत होता. "एक मिनिट," तो म्हणाला. "आमच्या तज्ज्ञांकडून एक माहिती येते आहे."

थंडीचा काटा आणि गाण्याचा काटा वेगळा असतो, हे मला तेव्हा, सगळ्या महाराष्ट्राबरोबर कळलं. थंडीत आधी कातडी गार पडते, नाडीत फरक पडत नाही, आणि केस उभे राहिले की उभेच राहतात. गाण्याचा काटा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. मुंबईतलं यंत्र हे दर सेकंदाला पडताळत होतं. माझ्या घरी आलेल्या त्या तंत्रज्ञाला फक्त दिवा चालतो का एवढंच बघायचं होतं.

"काका, तुमच्या बाहीतून पाणी ठिबकतंय," सूत्रसंचालक म्हणाला.

त्यांनी मला कोट काढायला लावला. रुमाल खाली पडला, त्यातून दोन-तीन पातळ झालेले खडे जमिनीवर घसरले. कुणी हसलं नाही. सोहनी त्या खड्यांकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचा उजेड कसा गेला ते मी पाहिलं, आणि ते मला मरेपर्यंत दिसत राहणार आहे.

नियमाप्रमाणे तिचं गाणं बाद झालं. माझी सगळी नोंद 'कृत्रिम' म्हणून बाद झाली, दुसऱ्या कडव्यासकट. वनिता जिंकली. ट्रॉफी घेऊन खाली उतरल्यावर ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "काका, मले आला काटा. लय गोड गायली तुमची पोरगी." स्पर्धकांच्या हातात कडं नसतं, त्यामुळे तिच्या काट्याची नोंद कुठेच नाही.

पुढचं सगळं तुम्हाला माहीत आहे. 'बर्फवाले काका' म्हणून तो तुकडा घरोघरी फिरला, त्याला मागून हसण्याचा आवाज जोडला गेला. एका कुल्फीच्या कंपनीने मला जाहिरातीसाठी विचारलं. क्लासची मुलं कमी झाली नाहीत, उलट वाढली. पालक मुलांना आणतात आणि जाताना माझ्यासोबत फोटो काढतात.

मी चॅनलला पत्र लिहिलं. दुसऱ्या कडव्यातली नोंद तपासा, ती वेगळी निघेल, एवढंच मागितलं. उत्तर डॉ. सोमण यांनी स्वतः दिलं. तपासता आलं असतं, त्यांनी लिहिलं, थंडीवर चढलेली लाट वेगळी काढणं अवघड नव्हतं. पण मूळ नोंदी तीस दिवसांनी पुसल्या जातात, आणि तुमचं पत्र एकोणचाळिसाव्या दिवशी पोचलं. कंपनीचं तसं धोरण आहे, प्रेक्षकांच्या गोपनीयतेसाठी. माझ्या केसांची तेवढी गोपनीयता त्यांनी राखली.

सोहनी घरी आली. माझ्याशी भांडली नाही, अबोला धरला नाही. जेवते, बोलते, आईसोबत बाजारात जाते. स्वतः गात नाही. संध्याकाळी लहान मुलांचा वर्ग ती घेते, आणि प्रत्येक पोराला वा म्हणते. सूर लागला तरी वा, नाही लागला तरी वा. मुलं तिच्यावर जीव टाकतात.

मला बोलायला दोन महिने लागले. एका संध्याकाळी मुलं गेली, ती वह्या गोळा करत होती. मी दारात उभा राहिलो. पाठ केलेलं होतं, ते म्हणून टाकलं.

"सोहनी, तू त्या दिवशी पंचम लावलास ना, तेव्हा मला खरंच काटा आला. बर्फाचा नव्हे. उजव्या हातावर आला. मी वा म्हणालो, तुला ऐकू आलं नाही. तुझ्याइतकं चांगलं गाणं मी कुणाचंच ऐकलेलं नाही, बेटा."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, रागाने पाहिलं असतं तर मी तिचे पाय धरले असते. म्हाताऱ्या माणसाची समजूत काढताना हसतात तसं ती हसली.

"असेल, बाबा," ती म्हणाली. "पण मारव्यात पंचम नसतो."

आणि वह्या घेऊन आत गेली.